मृगाआधी अर्थिंगला पाणी पाजा

सांवेर-देपालपूरच्या काळ्या रानात आत्ता फिरून बघा. भेगेत कोपरापर्यंत हात जातो. तशीच भेग ट्यूबवेलच्या अर्थिंगच्या, म्हणजे वीज जमिनीत उतरवणाऱ्या, पाइपभोवती पडलेली असते, आणि तिकडे कुणी ढुंकून बघत नाही. इंदूरजवळच्या एका रानात वळवाच्या पहिल्याच विजेने स्टार्टर आणि मोटर दोन्ही गेली. मोटरची वायर नव्याने गुंडाळून येईस्तोवर टोमॅटोची रोपं वाळून गेली. मी पाइपला हात लावला, तर तो सैल दातासारखा हलत होता.

ओली काळी माती विजेला वाट देते. सुकून आकसली की पाइप आणि माती यांच्यात नुसती हवा उरते. आकाशातल्या विजेचा झटका साधारण 30,000 अँपिअरचा. एवढ्या ताणाखाली पाइपलगतच्या मातीत ठिणग्या पडतात आणि क्षणभर रोध (विजेला होणारा अडथळा) उतरतोही. त्यावर विसंबू नका. रोध 10 ओहम धरला, तरी हिशेबाने 3 लाख व्होल्ट होतात! शिवाय हा झटका मायक्रोसेकंदांत चढतो, त्यामुळे अर्थिंगच्या वायरचं वेटोळं त्याची वाट अडवतं. उरलेली वायर कापायला जीव होत नाही म्हणून आपण ती गुंडाळून खिळ्याला टांगतो. कापा ती.

आधी मेन स्विच पाडा, फ्यूज काढा, मगच हात घाला. क्लॅम्पचा गंज खरवडून नट आवळा. भेगेत बारीक माती ठासा आणि पाऊस लागेपर्यंत आठवड्याला दोन-तीन बादल्या पाणी ओता. पाइप मानकाप्रमाणे 38 मिमी आतल्या व्यासाचा, किमान अडीच मीटर लांब हवा. दुसरा टाकायचा तर पाच मीटरवर. मीठ जास्त ओतलं की पाइपच खातं. दुकानदार ‘केमिकल’ची महागडी पिशवी गळ्यात मारेल. तिच्यात बहुधा बेंटोनाइट, म्हणजे पाणी धरणारी चिकणमाती असते. वाईट नाही, पण कोरडी पडली की तीही आकसते. माझा आडाखा सोपा: पाइपजवळची दूर्वा हिरवी, तर मातीत ओल आहे.

अर्थिंगच्या पाइपाजवळ बैल बांधू नका. वीज जमिनीत पसरते तेव्हा त्याच्या पुढच्या-मागच्या पायांत हजारो व्होल्टचा फरक पडू शकतो, आणि करंट छातीतून जातो.

बाकीची कामं:
- सोयाबीन: 100 मिमी पावसानंतरच पेरणी
- उगवण 70 टक्के तपासणे
- बीजप्रक्रिया
- दोन ओळींत अंतर 45 सेंमी

विजेचा इशारा देणाऱ्या दामिनी अ‍ॅपवर इशारा दिसला की लगेच मेन स्विच पाडून घरी या. गडगडाट डोक्यावर आल्यावर मात्र स्टार्टरकडे धावू नका. मोटर जळली तर जळू द्या.