वाफेची दुचाकी बांधताय? या चुका टाळा

सिल्व्हेस्टर रोपरने १८६० च्या दशकात मॅसॅच्युसेट्समधल्या रॉक्सबरीत वाफेची दुचाकी बनवली. तिची प्रतिकृती करणारे हौशी लोक आधी सिलिंडर चकाचक करतात आणि बॉयलर कसाबसा उरकतात. बिघाड तिथूनच सुरू होतो.

सगळ्यांत महागात पडते ती पाण्याची हयगय. रोपरच्या गाडीत पाण्याची टाकी खोगिरातच आहे आणि फीड पंप डाव्या क्रँकवर (चाक फिरवणाऱ्या दांड्यावर) चालतो. म्हणजे चाक फिरलं तरच बॉयलरला पाणी. मग नेहमीचा तमाशा: गाडी एक फेरी मारून येते, लोक जमतात, फोटो निघतात. चाक थांबलंय, पण भट्टीतला लोणारी कोळसा लालबुंद आहे. जादा वाफ सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह फुसफुसत राहतो आणि गेज ग्लासमधलं, म्हणजे बॉयलरची पातळी दाखवणाऱ्या काचनळीतलं, पाणी दिसेनासं होतं. चालक घाबरून गाडी ढकलतो, तर पंप पाणी ओढतच नाही, कारण खोगिरातलं पाणी एव्हाना तापलेलं असतं आणि पंपात वाफ धरते. ओढलं तर आणखी वाईट: कोरड्या तापलेल्या नळ्यांवर गार पाणी. अशा वेळी पाण्याच्या मागे लागू नका, जाळी पाडून निखारे बाहेर काढा. पहिल्या दिवसापासून स्वतंत्र हातपंप बसवा, त्याला स्वतःचा चेक व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) द्या. निघण्याआधी गेज ग्लासचे कॉक उघडून फुंकून घ्या. तुंबलेला कॉक खोटी पातळी दाखवतो.

बॉयलरचे सांधे साध्या शिसे-कथलाच्या डागाने (सोल्डरने) जोडू नका. तो १८३ अंश सेल्सिअसला वितळू लागतो आणि १० बार दाबाची वाफ जवळपास तेवढीच गरम असते. सिल्व्हर ब्रेझिंगच (चांदीमिश्रित धातूने जास्त उष्णतेवर सांधणं) करा. महाग आहे, पण इथे काटकसर करणाऱ्याने वाफेच्या वाटेला जाऊच नये. चाचणी पाण्याने, कामाच्या दाबाच्या दुप्पट दाबावर. कॉम्प्रेसरच्या हवेने कधीच नाही. हवेवर फुटलेल्या बॉयलरचे तुकडे उडतात.

दोन क्रँक सायकलच्या पेडलांसारखे समोरासमोर बसवणारेही दर वेळी भेटतात. तसे बसवले की दोन्ही दट्ट्ये (पिस्टन) एकदमच टोकाला अडकतात आणि गाडीला धक्का द्यावा लागतो. ९० अंशांचं अंतर ठेवा. मिशो-पेरोच्या वाफेच्या फ्रेंच दुचाकीला सिलिंडर एकच, तिथे धक्क्याला इलाज नाही.

थंड सिलिंडरमध्ये पहिली वाफ गेली की पाणी होते. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे झाकण तडकतं किंवा कनेक्टिंग रॉड वाकतो. सिलिंडरमधलं पाणी काढणारे ड्रेन कॉक उघडे ठेवून गाडी दहा-बारा फूट सावकाश पुढे घ्या, कोरडी वाफ दिसली की बंद करा. हे दोन मिनिटांचं काम, पण घाईवाल्यांना तेवढाही दम नसतो.

सेफ्टी व्हॉल्व्ह गळतो म्हणून आवळू नका. झडपेची बैठक घासून घ्या.

सिलिंडरला स्टीम सिलिंडर ऑइलच, गाडीचं इंजिन ऑइल नको.

बॉयलर स्प्रिंगवर टांगला असेल तर वाफेच्या पाइपला एक वळसा द्या, नाहीतर सांधा हादऱ्यांनी चिरतो.

वापरलेली वाफ धुराड्याच्या तळाशी सोडताना तोटी बरोबर मध्यावर हवी. जराशी तिरकी झाली तरी भट्टीतला हवेचा ओढा कमी होतो आणि दोष उगाच कोळशाला दिला जातो.