लॉजिस्टिक रिग्रेशनमधला इंटरॅक्शन वाचायचा कसा? टायटॅनिकचा डेटा घेऊन बघू

लॉजिस्टिक रिग्रेशन म्हणजे 'वाचला की नाही' अशा हो-नाही उत्तराची शक्यता इतर गोष्टींवरून काढणारं मॉडेल. त्यात इंटरॅक्शन टर्म (एका गोष्टीचा परिणाम दुसरीनुसार किती बदलतो ते सांगणारी) टाकली की बरेच जण नुसतं अधिक-उणे चिन्ह आणि पी-व्हॅल्यू (खरा फरक नसताना योगायोगाने इतका किंवा जास्त फरक दिसण्याची शक्यता) बघून निष्कर्ष लिहून मोकळे होतात, मीही तेच करायचो. आकडे हाताने मांडून बघितले तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. म्हणून टायटॅनिक (१९१२) घेऊ, आर (R) या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये हा डेटा आयता मिळतो.

मुलं धरून, पहिल्या वर्गात १४५ बायकांपैकी १४१ वाचल्या आणि १८० पुरुषांपैकी ६२. दुसऱ्यात १०६ पैकी ९३ आणि १७९ पैकी २५. तिसऱ्यात १९६ पैकी ९० आणि ५१० पैकी ८८.

मॉडेलमध्ये लिंग, वर्ग आणि दोघांचा गुणाकार टाका, रेफरन्स (ज्याच्याशी तुलना करायची तो गट) पुरुष आणि पहिला वर्ग ठेवा. 'स्त्री'चा कोएफिशियंट (मॉडेलने काढलेला परिणामाचा आकडा) ४.२१ येतो. आता हा बाई असण्याचा सरासरी परिणाम नाही बरं का, फक्त पहिल्या वर्गातला आहे! ऑड्स म्हणजे वाचलेले भागिले बुडालेले, आणि ऑड्स रेशो म्हणजे बायकांचे ऑड्स भागिले पुरुषांचे. कोएफिशियंटचा एक्स्पोनेन्शियल (e चा तितकावा घात) घेतला की ऑड्स रेशो साधारण ६७, पटत नसेल तर १४१/४ ला ६२/११८ ने भागून बघा.

तिसऱ्या वर्गाचा इंटरॅक्शन उणे २.८०, एक्स्पोनेन्शियल ०.०६. हा ऑड्स रेशो नव्हेच, दोन ऑड्स रेशोंचा भागाकार आहे. ६७ ला ०.०६ ने गुणलं की ४ येतात, तो तिसऱ्या वर्गातला ऑड्स रेशो.

खरी गंमत दुसऱ्या वर्गात. इंटरॅक्शन उणे ०.४२, म्हणजे ऑड्स रेशो ६७ वरून ४४ वर आला, फरक कमी झाला असंच कोणीही म्हणेल. पण टक्के काढा: पहिल्यात ९७ विरुद्ध ३४, फरक ६३, दुसऱ्यात ८८ विरुद्ध १४, फरक ७४. उलट वाढला की! कारण टक्के शंभराला टेकले की ऑड्स भराभर फुगतात पण टक्क्यांना वर जायला जागाच उरत नाही. म्हणून प्रत्येक गटाची प्रेडिक्टेड प्रॉबॅबिलिटी (मॉडेलने काढलेली वाचण्याची शक्यता) काढायचीच, आणि फरक ऑड्समध्ये सांगताय की टक्क्यांत ते स्पष्ट लिहायचं. व्हेरिएबल वयासारखं सलग असेल तर तीन-चार वयं धरून ग्राफ काढा, टेबलाच्या नादी लागू नका.

आणि दुसऱ्या वर्गाच्या त्या उणे ०.४२ ची पी-व्हॅल्यू ०.५ च्या आसपास का, तर पहिल्या वर्गात बुडालेल्या बायका फक्त ४. अजून दोघी बुडाल्या असत्या तरी तो ६७ थेट ४४ वर आला असता.