आम्ही दोघं, चार दिवस, ॲमस्टरडॅम : मराठवाड्यातून जायचं तर कसं

आधीच सांगतो, तिकीट, व्हिसा, हॉटेल हे सगळं जमतं हो, अडतं ते घरी काय सांगायचं इथं. मी लातूरचा, माझा पार्टनर परभणीचा, आणि दोघांच्या घरी आम्ही 'मित्र' आहोत, म्हणजे लई जुने मित्र, दिवाळीला एकमेकांच्या घरी फराळाचा डबा पोचवणारे. ज्यांचं आमच्यासारखंच चालूय त्यांच्यासाठी हे लिहायलोय. ज्यांच्या घरी सगळं माहितीय त्यांनी पुढचा पॅरा सोडून द्या, नशीबवान आहात.

घरी खोटं बोलायचंच असेल तर कमीत कमी बोला. ऑफिसचं ट्रेनिंग आहे म्हणून सांगितलं की मंग संपलंच, साहेब कोण होता, कंपनीनं खर्च किती दिला, ट्रेनिंगचा फोटो दाखव, एका खोट्याला दुसरं टाका मारत बसावं लागतं. आम्ही सरळ सांगितलं की दोघं मित्र युरोप बघायला चाललोय, पैसे दोन वर्षं साठवलेत. ह्यात एक अक्षर खोटं नाही. मावशी म्हणली लग्नाचं बघायचं सोडून कुठं निघालास, पण ती मी उदगीरला निघालो तरी हेच विचारते.

आता तारखा. आपल्याकडं १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाची सुट्टी असते जी पुण्या-मुंबईवाल्यांना नसते, ती गुरुवारी नाहीतर मंगळवारी आली की एक-दोन रजा टाकून चांगली सलग सुट्टी निघते, आणि सप्टेंबरात तिथं हवा पण झकास असते, पातळ जॅकेट आणि छत्री एवढ्यावर भागतं. (पार्टनर पुण्यात नोकरीला असेल तर त्याला बिचाऱ्याला सगळ्याच रजा टाकाव्या लागतील, आमचं तेच झालं आणि त्यावरनं भांडण पण झालं.) बरेच जण म्हणतात प्राइडच्या, म्हणजे आपल्या लोकांच्या उत्सवाच्या वेळी जा. ॲमस्टरडॅमची कॅनाल परेड १९९६ पासून होतेय, ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी कालव्यातनं सजवलेल्या बोटी निघतात, बघण्यासारखं प्रकरण आहे खरं, पण पहिल्यांदाच जात असाल तर माझं ऐका आणि तेव्हा जाऊ नका. हॉटेलं महाग, पाय ठेवायला जागा नाही, आणि चारच दिवसांतला एक पूर्ण दिवस गर्दीत उभं राहण्यात जातो.

ॲमस्टरडॅमच कामून, तर शहर लहान आहे, मुंबईहून डायरेक्ट विमान आहे, आणि नेदरलँड्समधी १ एप्रिल २००१ लाच समलिंगी लग्न कायदेशीर झालं, जगात सगळ्यात पहिल्यांदा. बर्लिन मला पण आवडतं, नोलेनडॉर्फप्लात्झच्या आजूबाजूला गे वस्तीला शंभर वर्षांचा इतिहास आहे आणि श्वुलेस म्युझियम, म्हणजे समलिंगी इतिहासाचं संग्रहालय, तर १९८५ चं आहे, पण बर्लिन अवाढव्य, चार दिवसांतले दोन मेट्रोतच जातील. माद्रिदची चुएका ही गे वस्ती पण भारी म्हणतात, पण तिथं रात्र सुरूच बाराला होते आणि आमचा गडी दहाला पेंगतो.

व्हिसा. इथं नीट लक्ष द्या, कारण खरी मेहनत इथंच आहे. शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालतो तो) लागतो, फी मोठ्या माणसाला ९० युरो, अर्ज घेणाऱ्या व्हिसा सेंटरचा सर्व्हिस चार्ज वेगळा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी, पण १५ दिवसांवर ठेवू नका, अपॉइंटमेंटच मिळत नाही कधी कधी, दोन-तीन महिने हातात ठेवा. बोटांचे ठसे द्यायला स्वतः पुण्याला नाहीतर मुंबईला जावं लागतं. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी व्हॅलिड पाहिजे, दोन पानं कोरी पाहिजेत, आणि ट्रॅव्हल इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा. बाकी बँक स्टेटमेंट, आयटीआर, ऑफिसचं रजेचं पत्र, हॉटेल-विमानाचं बुकिंग. स्टेटमेंट काढायच्या आदल्या दिवशी भावाकडनं दोन लाख टाकून घेऊ नका, तसं लगेच दिसतं, पगार जमा होताना आणि खर्च होताना दिसला पाहिजे.

आणि हे सगळं एजंटाकडनं करून घेऊ नका. आमच्या गावातल्या एका एजंटाकडं मी पहिल्यांदा गेलो होतो, त्यानं दोघांचं एकाच खोलीचं बुकिंग बघितलं, काही बोलला नाही, पण आठवड्यानं चुलतभावाचा फोन आला, "काय रे, हनिमूनला चाललास का?" हसत हसतच म्हणला, पण माझ्या पोटात गोळा आला तो आला. व्हिसा देणाऱ्याला तुमच्या एका पलंगाशी काही देणंघेणं नाही, पण गावातल्या माणसाला आहे. फॉर्म ऑनलाइन आहे, इंग्रजी जेमतेम येत असलं तरी एका रविवारी भरून होतो. दोघांचे अर्ज वेगळे असतात. वैवाहिक स्थितीत 'रजिस्टर्ड पार्टनरशिप' असा एक पर्याय दिसतो, तो बघून मन भरून येतं, पण आपल्याला तो लागू नाही, २०२३ च्या ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टानं लग्नाचा हक्क दिला नाही आणि दुसरी कुठली नोंदणी आपल्याकडं नाहीच, तर 'सिंगल' वर टिक करा आणि पुढं चला. कव्हर लेटरमधी सोबत प्रवास करणारा म्हणून एकमेकांचं नाव आणि पासपोर्ट नंबर लिहिला की झालं, नातं समजावून सांगायची गरज नाही. आणि आयटीआर भरणारा सीए जर मामा असेल तर पावत्या पोर्टलवरनं स्वतः डाउनलोड करून घ्या, काय समजायचं ते समजा.

तिकीट काढताना स्वस्त पडतं म्हणून लोक आखातातून जातात. नुसतं विमान बदलण्यात सहसा काही होत नाही, पण तिथल्या बऱ्याच देशांत समलिंगी संबंध गुन्हा आहे, विमान चुकलं आणि रात्र तिथं काढायची वेळ आली तर एका खोलीसाठी पण धाकधूक. आम्ही जास्तीचे पैसे देऊन डायरेक्टच गेलो, साधारण नऊ तासांचं उड्डाण आहे. मुंबईला पोचायला देवगिरी नाहीतर नंदिग्राम, पण विमानाच्याच दिवशी सकाळी उतरायचा प्लॅन करू नका, गाडी लेट झाली की संपलं, एक रात्र आधी जाऊन ठेवा.

हॉटेलचं, बुकिंग करतानाच डबल बेड लिहा, लाजून ट्विन बेड घेतले तर दोन पलंगांच्या मधल्या फटीत झोपावं लागतं. काउंटरवर कुणी भुवई वर करत नाही. इथं आम्हाला एकदा औरंगाबादेत दोन आधार कार्ड देऊन पण "दोन जेंट्सला एक बेड नाही" असं ऐकावं लागलं होतं, त्यामुळं तिथं चावी हातात पडेपर्यंत मी उगाच ताठ उभा होतो. खर्चात एक गोष्ट धरा, खोलीच्या भाड्यावर १२.५ टक्के टुरिस्ट टॅक्स लागतो, बुकिंग साइटवर तो कधी वेगळा दाखवतात. सेंट्रल स्टेशनपासून ट्रामनं पंधरा-वीस मिनिटांवर राहिलात तरी चालतंय. विमानतळावरनं सेंट्रलला ट्रेन पाव तासात आणते, ट्राम-बसला बँकेचं कार्डच टॅप करायचं, चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा.

खायचं. शाकाहारी असाल तर घाबरू नका, आणि शेंगदाण्याची चटणी, धपाटे बॅगेत टाका, पण तूप, पेढे, खवा नेऊ नका, युरोपात बाहेरून दुधाचं आणि मटणाचं काही न्यायला बंदी आहे, कढीपत्ता पण नको. मायनं माझ्या बॅगेत गुपचूप तुपाची बरणी ठेवली होती, ती मुंबईतच मित्राकडं सोडली. तिथं गेल्यावर सुरीनामी (सुरीनाम म्हणजे दक्षिण अमेरिकेतली डचांची जुनी वसाहत) हॉटेल शोधा, अल्बर्ट कॉइप बाजाराच्या भागात सापडतात. १८७३ पासून आपल्या युपी-बिहारकडून मजूर म्हणून सुरीनामला नेलेले लोक, त्यांची पोरंबाळं नंतर हॉलंडला आली, ते रोटी आणि बटाट्याची भाजी विकतात, आणि 'बारा' नावाचा उडदाचा वडा. तो वडा खाताना आमचा गडी म्हणला, हे तर आपल्या श्राद्धातले वडे!

दिवसांचा प्लॅन लई घट्ट करू नका. पहिल्या दिवशी झोप अर्धवट झालेली असते, तर नुसतं सेंट्रलवरनं झेडाईक नावाच्या गल्लीत चालत जा, तिथं कॅफे त मांद्ये आहे, १९२७ मधी बेट व्हान बेरेन नावाच्या बाईनं काढलेला, ती स्वतः लेस्बियन, लेदर जॅकेट घालून मोटरसायकल फिरवायची, गिऱ्हाइकांचे टाय कापून छताला टांगायची. छोटासा बार आहे, दारू पीत नसाल तर कोक घेऊन बसा, कुणी हाकलत नाही.

दुसरा दिवस होमोमोन्युमेंटसाठी ठेवा. वेस्टरमार्क्तला, कालव्याच्या काठाला, गुलाबी ग्रॅनाइटचे तीन त्रिकोण, १९८७ चं काम. नाझी छावण्यांत समलिंगी पुरुषांच्या कपड्यावर गुलाबी त्रिकोण शिवायचे, त्यावरनं हा आकार. एक त्रिकोण जमिनीच्या पातळीला, एक थोडा उंच ओट्यासारखा, आणि एक पायऱ्यांनी खाली पाण्यात उतरतो. ह्या पाण्याकडच्या त्रिकोणावर लोकांनी फुलं ठेवलेली असतात, नदीच्या घाटावर ठेवतात तशी. आपण जाऊन फोटो काढून दहा मिनिटांत निघू असं ठरवलं होतं, तासभर बसलो. तिथं त्यानं माझा हात धरला, मी सवयीनं आधी मागं वळून बघितलं, कुणी ओळखीचं तर नाही ना, मंग माझं मलाच हसू आलं. नाझींपासून लपून डायरी लिहिणाऱ्या ॲन फ्रँकचं घर तिथंच शेजारी आहे, पण त्याची तिकिटं फक्त ऑनलाइन आणि दर मंगळवारी सहा आठवडे पुढची सुटतात, अलार्म लावून काढा, ऐनवेळी काही मिळत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी व्हान गॉख म्युझियम (हे पण ऑनलाइन) नाहीतर सरळ फोंडेलपार्कात गवतावर लोळा. संध्याकाळी रेखुलीर्सद्वार्सस्त्रात, नाव वाचायचा प्रयत्न करू नका, मॅपवर टाका, गे बारची गल्ली आहे. वारमूसस्त्रातकडं लेदरवाले बार आहेत, त्यातल्या काहींना ड्रेसकोड असतो, जीन्स-टीशर्ट घालून दारातनं परत यायची तयारी ठेवा. बारमधी दुसऱ्यांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका, तिथं पण कुणाची तरी मावशी असतीच. रेड लाइटच्या खिडक्यांचे तर अजिबात नको. कॉफीशॉप म्हणजे कॉफी नाही, गांजा, आणि तो बॅगेत टाकून मुंबईला आणायचा इचार पण करू नका. लाल रंगाचा रस्ता दिसला तर तो सायकलवाल्यांचा, त्यात उभं राहून सेल्फी काढली की आईबापाचा उद्धार होतो, डचमधी का असेना.

आणि स्वर्ग आहे असं समजू नका. तिथल्या घटनेत २०२३ पासून लैंगिक कल नाव घेऊन लिहिलाय, भेदभाव चालत नाही, पण रात्री उशिरा सुनसान गल्लीत टवाळ पोरं तिथं पण असतात. काही झालं तर ११२, आणि पोलिसांतच 'रोझे इन ब्लाऊ' नावाचा आपल्या लोकांसाठीचा गट आहे, निळ्यातले गुलाबी. डेटिंग ॲपवर भेटलेल्याला आधी चारचौघांत भेटा, हॉटेलचं नाव लगेच देऊ नका, हे इथं जसं तसंच तिथं. कंडोम आणि रोजच्या गोळ्या प्रिस्क्रिप्शनसकट इथूनच न्या.

चौथ्या दिवशी सेंट्रलच्या मागनं फुकटची फेरी बोट पकडून पलीकडं जाऊन या, बाजारात स्ट्रूपवाफलचे (मधी पाक भरलेली तिथली बिस्किटं) डबे घ्या, घरच्यांना वाटायला, टिकतात पण. परत निघायच्या आधी फोनचं काम करा, आणि हे विसरू नका, फोटोंचं ऑटो सिंक बंद. आमच्या घरी टीव्हीला माझंच अकाउंट लावलेलं आहे, स्क्रीनसेव्हरला कालव्याकाठचा आमचा फोटो येणार होता, स्खिपोल विमानतळावर बसून आठवलं आणि घाम फुटला. दोघांचे फोटो एका वेगळ्या अकाउंटात टाका, घरच्यांसाठी पवनचक्की, सायकली आणि एकेकट्याचे वेगळे काढून ठेवा.

लातूरला पोचल्यावर मायनं सगळे फोटो बघितले, पवनचक्की दोनदा बघितली, मंग विचारलं, खोलीत पलंग एक होता का दोन. मी म्हणलो एकच होता, थंडी लई होती. ती काही बोलली नाही, स्ट्रूपवाफल चहात बुडवलं आणि म्हणली, त्याला पण एक डबा दिलास का.