फिग्मा उघडायच्या आधी हे करा: युजर इंटरव्ह्यू, कागदी प्रोटोटाइप आणि टेस्टिंग

यूएक्सचं काम, म्हणजे ॲप वापरणाऱ्याला सोपं जाईल असं डिझाइन करणं, नवीन सुरू केलेली मंडळी सगळ्यात आधी फिग्मा हे स्क्रीन डिझाइन करायचं सॉफ्टवेअर उघडतात, दोन दिवसांत रंग फॉन्ट आयकॉन सगळं चकाचक करतात आणि मग कुणाला तरी दाखवून विचारतात, "कसं वाटतंय?" समोरचा म्हणतो "छान आहे". या "छान आहे"चं पुढे काहीच करता येत नाही. मी पण सुरुवातीला बरेच महिने असंच काम केलंय, म्हणून आता कुणी शिकायला आलं की मी आधी लॅपटॉप बंद करायला लावते.

उदाहरणासाठी डॉक्टरची अपॉइंटमेंट घ्यायचं ॲप धरू. पहिलं काम म्हणजे ज्यांनी अलीकडे खरंच अपॉइंटमेंट घेतलीय अशा चार-पाच जणांशी बोलायचं. "तुम्ही असं ॲप वापराल का?" हे विचारूच नका, समोरचा माणूस तुमचं मन राखायला हो म्हणतो आणि पुढे काय करेल हे त्याचं त्यालाही माहीत नसतं. त्याऐवजी विचारा, "मागच्या वेळी डॉक्टरकडे कधी गेला होतात? अगदी सुरुवातीपासून सांगा ना." मग खरी गोष्ट बाहेर येते, की फोन तीनदा लावला, एंगेज लागला, मग मुलीला मेसेज केला, तिने ऑफिसमधून नंबर लावला आणि वेळ कळवली. आता बघा, इथे आजारी माणूस वेगळा आणि बुक करणारा वेगळा. तुमच्या पहिल्या स्क्रीनवर "कोणासाठी?" हा प्रश्न हवा हे तुम्हाला या एका उत्तरातून कळलं, आणि ते मत विचारून कधीच कळलं नसतं.

अजून एक, तो माणूस "नंबर लावला" म्हणाला तर वहीत "अपॉइंटमेंट बुक केली" असं लिहू नका, त्याचेच शब्द जसेच्या तसे लिहा, कारण उद्या बटनावर काय लिहायचं याचं उत्तर तिथेच असतं. शक्य असेल तर दोघांनी जा, एकाने बोलायचं, एकाने लिहायचं. रेकॉर्डिंग करणार असाल तर आधी परवानगी घ्या आणि ते कोण ऐकणार हेही सांगा. ४५ मिनिटं पुरतात. आणि त्याचं उत्तर संपलं असं वाटलं की लगेच पुढचा प्रश्न टाकू नका, मनात पाच आकडे मोजा, बऱ्याचदा त्या शांततेनंतर जे येतं तेच कामाचं असतं.

आता प्रोटोटाइप, म्हणजे ॲपचा कच्चा नमुना. जाड मार्कर घ्या (बारीक पेनने माणूस उगाच नक्षीकाम करत बसतो), एका कागदावर एक स्क्रीन, ड्रॉपडाउन आणि पॉपअपसाठी चिकटणाऱ्या चिठ्ठ्या, आणि एका सहकाऱ्याला "कॉम्प्युटर" करा, म्हणजे युजरने बोट ठेवलं की तो गपचूप पुढचा कागद ठेवणार, तोंडातून शब्द नाही. हे पोरकट वाटतं पण पाम कंपनीच्या जेफ हॉकिन्स यांनी १९९६ साली बाजारात आलेल्या पायलट या खिशात मावणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरच्या आधी लाकडाचा एक ठोकळा खिशात घालून फिरवला होता, आणि तो खरंच चालतोय असं समजून वापरून बघितला होता. कागदाचा मोठा फायदा असा की लोक त्यावर मोकळेपणाने टीका करतात, चकाचक स्क्रीन दिसली की त्यांना वाटतं आता काम झालंय, कशाला बोला. आणि आपल्यालाही दहा मिनिटांत काढलेला कागद फाडून टाकताना जीवावर येत नाही.

टेस्टमध्ये काम देताना बटनावरचे शब्द वापरू नका, इथे खूप जण चुकतात. "नंबर लावा वर जाऊन वेळ निवडा" असं सांगितलं तर तो फक्त शब्द शोधेल. असं सांगा, "तुमच्या आईचा गुडघा दुखतोय, शुक्रवारी संध्याकाळी दाखवायचंय, काय कराल?" सुरुवातीलाच स्पष्ट करा की परीक्षा डिझाइनची आहे, तुमची नाही, आणि करताना मनात जे येईल ते मोठ्याने बोलत राहा. तो अडकला आणि "इथे दाबू का?" म्हणाला तर हो-नाही सांगायचं नाही, उलट विचारायचं, "दाबल्यावर काय होईल असं वाटतं?" तो अडखळताना बघून मदत करायची फार इच्छा होते, ती आवरा, तुम्ही ते बघायलाच तर बसलायत.

किती जण लागतात? जेकब निल्सन आणि टॉमस लँडाउअर या युजर टेस्टिंगच्या अभ्यासकांनी १९९३ मध्ये मांडलेल्या हिशोबात एका युजरकडून सरासरी ३१ टक्के अडचणी दिसतात, त्या हिशोबाने पाच जणांत साधारण ८५ टक्के. पण ३१ ही त्यांच्या प्रोजेक्ट्सची सरासरी आहे, तुमच्याकडे कमी-जास्त असू शकते, आणि पेशंट आणि रिसेप्शनवरची व्यक्ती हे दोन वेगळे गट आहेत, त्यांचे पाच-पाच वेगळे घ्या. पंधरा जणांवर एकदाच टेस्ट करण्यापेक्षा पाच जण, दुरुस्ती, परत पाच जण हे कधीही बरं. आणि पाचातले तीन अडकले म्हणून "६० टक्के युजर्सना अडचण येते" असं कृपया लिहू नका, इतक्या कमी लोकांवरून टक्केवारी काढता येत नाही. आकडा हवाच असेल तर जॉन ब्रुक यांची १९८६ सालची एसयूएस नावाची, वापरायला किती सोपं वाटलं हे मोजणारी १० प्रश्नांची प्रश्नावली आहे, स्कोअर ० ते १००, सरासरी ६८ च्या आसपास धरतात. पण ती अडचण कुठे आहे हे सांगत नाही.

त्याच दिवशी नोंदी एका शीटमध्ये टाका, "काय दिसलं" आणि "मला काय वाटतं" हे दोन कॉलम वेगळे ठेवा. "मागे जायचं बटन चार वेळा दाबलं" हे पहिल्यात, "तो गोंधळला" हे दुसऱ्यात. मग बघा, कोणत्या अडचणीने काम पूर्ण थांबलं, कुठे नुसता वेळ गेला. थांबवणारी आधी दुरुस्त करायची.

फिग्मा आता उघडा. सगळ्या स्क्रीन एकमेकींना जोडू नका, ज्या कामाची टेस्ट घ्यायचीय तेवढाच रस्ता जोडा, पण त्यात खरा मजकूर टाका, लांबलचक नावं, सगळ्या वेळा भरलेला दिवस, नेट गेल्यावर दिसणारा मेसेज. आणि फोनवरच टेस्ट करा, कारण कागदावर बोटाचा अंदाज येत नाही, बटन दाबायच्या जागेचा आकार ॲपलच्या सूचनांत किमान ४४ पॉइंट आणि गुगलच्या मटेरियल डिझाइन या नियमावलीत ४८ डीपी सांगितलाय (पॉइंट आणि डीपी ही स्क्रीनवरची मापं).

शेवटी टीमला सांगायची वेळ येते तेव्हा मोठा रिपोर्ट बनवण्यात आठवडा घालवू नका. माणूस जिथे अडकला तिथली अर्ध्या मिनिटाची क्लिप लावा, अर्थात त्याने दाखवायची परवानगी दिली असेल तरच, आणि क्लिप चालू असताना तुम्ही काहीही बोलू नका.