सॉलोसी माशाचा वंश घरच्या टाकीत शुद्ध कसा राखावा

आफ्रिकेतील मलावी सरोवरात, चिझुमुलू बेटाजवळच्या तैवानी नावाच्या एका खडकाळ भागातच सॉलोसी हा मासा निसर्गतः आढळतो. शोभेच्या माशांच्या व्यापारासाठी झालेल्या बेसुमार पकडीमुळे त्याची संख्या इतकी घटली की आज तो अतिसंकटग्रस्त प्रजातींत गणला जातो. म्हणून सरोवरातून पकडून आणलेला मासा घेऊच नये. टाकीतच जन्मलेली आणि ज्यांच्या मूळ वंशाची माहिती विक्रेता देऊ शकतो अशीच पिल्ले घ्यावीत.

सगळी पिल्ले पिवळीधमक असतात आणि लहानपणी नर-मादी ओळखता येत नाहीत. यासाठी दहा-बारा पिल्ले एकत्र वाढवावीत. नर वयात येताना निळे होऊन त्यांच्या अंगावर गडद उभे पट्टे उमटतात, तेव्हा जास्तीचे नर वेगळे करून एका नरामागे चार-पाच माद्या ठेवाव्यात. इतर नरांपुढे दबलेला नर बराच काळ पिवळसर राहतो, त्यामुळे ही निवड घाईने करू नये.

मासा जेमतेम ८-९ सेंटिमीटरचा असला तरी भांडखोर आहे. किमान २०० लिटरची लांब टाकी, दगडांच्या भरपूर कपारी, २४ ते २८ अंश सेल्सिअस तापमान आणि सुमारे ८ सामू (pH) असलेले कठीण, म्हणजे क्षारयुक्त पाणी त्याला मानवते. पाणी मृदू असल्यास वाळूत प्रवाळाचा चुरा मिसळावा. निसर्गात तो खडकांवरचे शेवाळ खरवडून खातो. म्हणून स्पिरुलिना या निळ्या-हिरव्या शेवाळाने युक्त खाद्य थोडे थोडे द्यावे आणि मांसल खाद्य टाळावे, कारण त्याने पोट फुगण्याचा जीवघेणा विकार होऊ शकतो.

सर्वांत महत्त्वाची दक्षता टाकीतील सोबतीची. मलावीच्या इतर म्बुना (खडकांत राहणाऱ्या) माशांशी सॉलोसीचा संकर सहज होतो आणि संकरित पिल्ले वरवर पाहता ओळखू येत नाहीत. त्यामुळे ही टाकी, कितीही मोह झाला तरी, एकाच प्रजातीची असावी.

मादी अंडी तोंडात घेऊन सुमारे तीन आठवडे उबवते आणि त्या काळात जवळजवळ काहीच खात नाही. तिचा गळा फुगलेला दिसताच टाकीत हात घालणे थांबवावे, कारण घाबरलेली मादी अंडी थुंकून टाकते. पिल्ले बाहेर आल्यावर मादीला शक्य असल्यास काही दिवस वेगळे ठेवून खाऊ घालावे. पिल्ले मासे पाळणाऱ्या दुसऱ्या कोणाला देताना मूळ जोडीची आणि ती कोठून आणली याची नोंद लिहून सोबत द्यावी.