पुळणीवरचा कचरा मोजताना

किनाऱ्यावरचा कचरा एकदा मोजून काही कळत नाही. तीच जागा, तीच पद्धत, ठरलेलं अंतर, आणि वर्षानुवर्षं हेच, तेव्हाच आकड्यांना अर्थ येतो. कोकणात नव्याने सर्वेक्षण सुरू करणाऱ्यांसाठी हे लिहितो आहोत.

भरतीरेषेला समांतर 100 मीटरचा पट्टा घ्या. रुंदी पाण्यापासून मागच्या बांधापर्यंत किंवा सुरूच्या बनापर्यंत. खुणेला खांब पुरू नका, पावसाळ्यात वाळूसोबत तेही जातात. फोनवरचं स्थान काही मीटर चुकतं, म्हणून विहीर, देऊळ, बांधाचा कोपरा अशा पक्क्या खुणांपासून टेपने अंतर मोजा आणि दोन्ही टोकांचे फोटो ठेवा. खाडीच्या तोंडाजवळची जागा टाळायची गरज नाही, पण तिचे आकडे मोकळ्या पुळणीच्या आकड्यांत मिसळू नका.

वेळ ओहोटीची. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची अंदाजे वेळ मिळते, हे इथले मच्छीमार जाणतातच: चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, नऊच्या सुमारास ओहोटी. अमेरिकेच्या नोआ (समुद्र आणि हवामानाचा अभ्यास करणारी सरकारी संस्था) हिच्या कचरा मोजण्याच्या पद्धतीत दर 28 दिवसांनी फेरी असते, 3 दिवस मागेपुढे चालतात. त्यामुळे दर महिन्याला तीच तिथी धरणं त्यात सहज बसतं, आणि ओहोटीची वेळही जवळपास तीच राहते.

2.5 सेंटिमीटरपेक्षा मोठी प्रत्येक वस्तू नोंदवा. बाटलीचं झाकण याहून जरासंच मोठं असतं. एकमेकांपासून 2-3 मीटरवर राहून समांतर चाला. एकाने मोजावं, दुसऱ्याने लिहावं. बाटली ओळखू येत असेल तर फुटकी असली तरी 'बाटली', नाहीतर 'प्लास्टिकचा तुकडा'. सगळ्यात घोळ थर्माकोल घालतो: हातात घेताच चुरतो आणि एकाचे दहा होतात. म्हणून उचलण्याआधी मोजा.

नवीन भर मोजायची की पडून असलेला साठा, हे आधीच ठरवा. भर मोजायची तर पहिल्या फेरीत सगळा पट्टा साफ करा. तो आकडा भरीत धरू नका. गावात मधेच स्वच्छता मोहीम झाली तर तारीख लिहून ठेवा. हे राहिलं की पुढचा कमी आकडा सुधारणा वाटतो.

पावसाळ्यात फेऱ्या थांबवायचा मोह होतो, पण सुरक्षित दिवशी त्या कराच. तेव्हा लाटा वाळू ओढून नेतात आणि पुरलेला जुना कचरा उघडा पडतो, समुद्रात सांडलेल्या तेलाचे डांबरगोळेही येतात. वाढलेला आकडा नव्या कचऱ्याचा की जुन्याचा, हे ओळखायला वाळूच्या पातळीचा फोटो उपयोगी पडतो. काहीच सापडलं नाही तर शून्य लिहा, रकाना रिकामा सोडू नका.