जुन्या हायड्रोस्टॅटिक मोवरचं ऑइल बदलताना

मुंबईत मैदानावर नाहीतर सोसायटीच्या लॉनवर जुना हायड्रोस्टॅटिक (गिअरऐवजी ऑइलच्या दाबाने चाकं फिरवणारा) राइड-ऑन मोवर किंवा छोटा ट्रॅक्टर असेल तर पावसाळा संपला की आधी त्याचं ट्रान्समिशन ऑइल बघा. कटिंग चहासारखं दुधाळ दिसलं म्हणजे आत पाणी गेलंय, मग तास किती झालेत ते मोजत बसू नका, सरळ बदला.

कुठलं टाकायचं? "हायड्रॉलिक आहे ना, टाका कुठलंही" असं सांगणाऱ्या मेकॅनिकचं बिलकुल ऐकू नका. हायड्रो-गिअर कंपनीच्या बऱ्याच ट्रान्समिशन युनिटला साधं २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइल लागतं, जुन्या कब कॅडेट ट्रॅक्टरला हाय-ट्रान नावाचं ऑइल, काहींना एटीएफ (ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड), त्यामुळे युनिटवरची प्लेट पुसून नंबर वाचा आणि मॅन्युअलशी जुळवा, आणि दोन प्रकार मिक्स तर अजिबात नको.

मशीन थोडं चालवून ऑइल कोमट झालं की काढा, फिल्टर असेल तर तोही बदला. भरायच्या आधी झाकणाभोवतीचं गवत-माती नीट पुसा, कारण पंपाला सगळ्यात जास्त मारते ती बारीक घाण.

भरून झालं की लगेच गवत कापायला पळू नका, आत हवा राहते. मागची चाकं जमिनीवरून उचलून खाली पक्के ठोकळे लावा, बायपास (मशीन हाताने ढकलता यावं म्हणून ड्राइव्ह सोडवणारा लिव्हर) उघडा ठेवून इंजिन स्लो चालवा, ड्राइव्हचा पेडल किंवा लिव्हर पाच-सहा वेळा हळू पुढे-मागे करा, मग इंजिन बंद करून बायपास बंद करा आणि तेच परत. लेव्हल खाली येईल, तेवढं टॉप-अप करा.

काढलेलं ऑइल गटारात नाही हां, कॅनमध्ये भरून जुनं ऑइल घेणाऱ्या गॅरेजला द्या.